मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

माझ्या लहानपणी लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत दोन घड्याळे होती. एक भिंतीवरचे. ते रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेला लावलेले असे. दुसरे आजीच्या फळीवरचे, चावी द्यायचे, गजराचे. ते कायम मागे असे. नेमके किती मागे, हे आम्हा मुलांना कधी मोजावेसे वाटले नाही. वडील म्हणत, ‘आईचं घड्याळ बिघडलंय.’ आजी म्हणे, ‘माझं बरोबर आहे. तुमचं सरकारी आहे.’ म्हाताऱ्या माणसाचा हेका म्हणून आम्ही हसत असू.

आजी गेली, चाळही गेली. पुढे बँकेतली नोकरी सांभाळून मला जुन्या मुंबईचे कागद वाचण्याचा नाद लागला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात बसून आणि जाणकारांना विचारून. अशाच एका दुपारी ‘मुंबई टाइम’ हे शब्द समोर आले, त्यामागचा आकडा कळला आणि आजीचे घड्याळ पहिल्यांदा उलगडले. तो आकडा होता एकोणचाळीस मिनिटे. या एकोणचाळीस मिनिटांवरून हे शहर जवळजवळ अर्धे शतक सरकारशी अडून बसले होते.

परिस्थिती बदलली की माणसाने आपल्या सवयी बदलाव्यात, असे आपण सहज म्हणतो. पण सवय कोणाची बदलायची, किती दिवसांत आणि कोणाच्या सोयीसाठी, हे प्रश्न त्यात दडलेले असतात. मुंबईच्या घड्याळाची हकिगत सांगायची ती त्यासाठी.

गावागणिक दुपार

घड्याळ येण्यापूर्वी आपल्याकडे वेळ नव्हती असे नाही. अहोरात्राच्या साठ घटका आणि घटकेची साठ पळे, हे गणित पूर्वापार होते. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्र पाण्यात सोडून साधत. दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्य ज्या त्या गावाचा असे. नागपूरचा सूर्योदय वेगळा, रत्नागिरीचा वेगळा. त्यात कोणाला काही अडचण वाटत नव्हती, कारण एका गावाची वेळ दुसऱ्या गावाच्या वेळेशी मिनिटामिनिटाने जुळवायची गरजच पडत नव्हती.

याचा अर्थ सगळ्यांची मिळून एक वेळ असू शकते, ही कल्पना आपल्याला परकी होती असाही नाही. आपले ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानून गणित करीत आणि मग आपल्या गावासाठी त्यात देशांतर संस्कार देत. म्हणजे एक वेळ सर्वांची आणि एक आपली, असा दुहेरी हिशेब पंचांगकर्ते शतकानुशतके करीतच होते. पुढच्या वादात ‘अडाणी लोकांना प्रमाणवेळ समजली नाही’ असे जे सुचवले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. लोकांना समजत होते. हरकत वेगळ्याच गोष्टीला होती.

मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ४९ कला. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. त्यामुळे मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते. ही झाली मुंबईची स्वतःची वेळ, म्हणजेच ‘मुंबई टाइम’. मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर आला की बारा, इतका तिचा साधा अर्थ. वर्षभरात त्यात थोडे मागेपुढे होई, पण सरासरी तीच. कुलाब्याची वेधशाळा ती वेळ काढी, बंदरातली जहाजे तिच्यावर आपली घड्याळे लावीत आणि शहर तिच्यावर चाले.

आगगाडीची वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तेव्हा वेळेचा प्रश्न लहान होता. मुंबईची दुपार आणि ठाण्याची दुपार यांत फरक तो किती? पण रूळ लांबत गेले आणि प्रश्नही लांबत गेला. मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांत तासाहून थोडे अधिक अंतर. एकाच रुळावर दोन गाड्या दोन वेगळ्या घड्याळांनी चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. तारखात्याचीही हीच अडचण. तेव्हा १८७०च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला जुनी वेधशाळा होती आणि ते शहर रेखांशाने मुंबई-कलकत्त्याच्या दरम्यान पडत होते. मद्रासची वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे.

इथवर कोणाची तक्रार नव्हती. गाडी पकडायची असेल त्याने अर्धा तास आधी निघावे, एवढेच. मुंबईकराने स्वतःला ही सवय लावून घेतली. घरी मुंबईची वेळ आणि स्टेशनात मद्रासची. बदललेल्या परिस्थितीला माणूस किती सहज सामावून घेतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्याने जुने सोडले नाही आणि नव्याला नाहीही म्हटले नाही. नव्यासाठी त्याने एक वेगळा कप्पा केला.

भांडण सुरू झाले ते हा कप्पा मोडायला निघाल्यावर. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहरात नाराजी उसळली. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला होता. त्याचे घड्याळ शहराला लांबून दिसे. साहजिकच ते कोणती वेळ दाखवणार, हा मानाचा प्रश्न झाला. विद्यापीठाने मुंबईची वेळ सोडली नाही. अखेर दोन वर्षांत, १८८३ मध्ये, सरकारने आपला हुकूम मागे घेतला. पहिली फेरी शहराने जिंकली.

१ जानेवारी १९०६

१८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून मान्य झाली. त्यानंतर एकेक देश ग्रिनिचपासून सोयीच्या अंतरावर आपली वेळ बसवू लागला. हिंदुस्थानासाठी ८२.५ अंशांची, मिर्झापूरजवळून जाणारी रेषा निवडली गेली. तिची वेळ ग्रिनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे. रेल्वे आणि तारखात्याने १९०५च्या जुलैपासून ती स्वीकारली. मुंबई सरकारने १ जानेवारी १९०६ पासून. त्या दिवशी सरकारी घड्याळे मुंबई टाइमच्या ३९ मिनिटे पुढे सरकली. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर दीड घटकेहून जरा जास्त.

हे कोणत्या दिवसांत घडले, हे लक्षात घ्यावे लागते. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द तोंडोतोंडी होते. लोकांना न विचारता वरून आलेला प्रत्येक हुकूम त्याच नजरेने पाहिला जात होता. अशा वेळी सूर्य डोक्यावर असताना सरकारी घड्याळ पाऊण वाजायला आल्याचे सांगू लागले. फाळणीचा हुकूम दूरच्या बंगालचा होता. घड्याळाचा हुकूम रोज सकाळी मुंबईकराच्या अंगणात येऊन उभा राहत होता.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले आणि दगडफेक झाली. सभा भरल्या आणि हजारोंच्या सह्यांचे अर्ज गेले. व्यापारी मंडळींत दोन तट पडले. पेढ्या आणि बँका यांना तारेची आणि रेल्वेची एक वेळ सोयीची होती. बाजार, देवळे, अग्यारी आणि घरे यांना नव्हती. एप्रिल १९०६ मध्ये महापालिकेने निर्णय घेतला की आपण मुंबई टाइमच पाळायचा. सरकार एका वेळेवर आणि शहराची पालिका दुसऱ्या, अशी ही स्थिती पुढे ४४ वर्षे टिकली.

गिरणीतली पहाट

कामगार चिडले कशाने, हा या हकिगतीचा गाभा आहे. एखादे तत्त्व समजावून घेण्यापेक्षा थोडे साधे गणित करून पाहू.

जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने सुमारे ७ वाजून १२ मिनिटांनी उगवतो. मुंबई टाइमप्रमाणे ते झाले ६ वाजून ३३ मिनिटे. समजा, गिरणीत सकाळी सहाला हजर व्हायचे आहे. मुंबई टाइमचे सहा म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, झुंजूमुंजू. वाट दिसते, माणूस ओळखू येतो. नव्या वेळेचे सहा म्हणजे जुने ५ वाजून २१ मिनिटे, सूर्योदयाला अजून सव्वा तास बाकी. काळोखच. आणि सहाला फाटकापाशी पोचायचे तर घरातून त्याच्याही आधी निघायचे.

पुरुष निघतो त्याच्या आधी चूल पेटलेली असते. भाकऱ्या थापणारी बाई त्याच्याही आधी उठलेली असते आणि पुष्कळदा तीही गिरणीत जाणारी असते. नळावरची रांग, चुलीचा धूर, लहान मूल शेजारणीकडे सोडणे, ही सगळी साखळी एकमेकींत अडकलेली. तिची एक कडी ३९ मिनिटे ओढली की बाकीच्या कड्यांनाही हिसका बसतो. खोलीत घड्याळ नसलेल्या माणसालाही हा हिसका बसत होता, कारण त्याचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा.

‘सकाळी लवकर या, संध्याकाळी लवकर जा, नुकसान काय?’ असा युक्तिवाद यावर करता येतो. कागदावर तो बरोबर आहे. पण गिरणीतले दिवस कागदावर जात नव्हते. पूर्वी उजेड असेतो काम चाले, म्हणजे सूर्यच तासांना कुंपण घाली. विजेचे दिवे आले आणि ते कुंपण गेले. १९०५च्या सुमारास मुंबईतल्या कित्येक गिरण्या दिव्याखाली चौदा-चौदा तास चालत होत्या. १८९१च्या कायद्याने बायका आणि मुले यांच्या तासांना मर्यादा घातली होती. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याची मर्यादा पडली ती थेट १९११च्या कायद्याने. ज्याच्या संध्याकाळला हद्दच नाही, त्याला सकाळी घेतलेली ३९ मिनिटे संध्याकाळी परत मिळतील, हे कोणी सांगायचे आणि त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

मला वाटते, कामगारांचा राग समजून घ्यायची जागा ही आहे. त्यांना सवयी बदलता येत नव्हत्या असे म्हणायला काहीच आधार नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे. पावसाकडे बघून पेरणी करणाऱ्यांनी भोंग्यावर उठायला शिकून घेतले होते. एका खोलीत दहा-बाराजणांनी पाळीपाळीने झोपायची सवय करून घेतली होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, तेव्हा आठवड्याचा वार पाहून जगण्याची नवी सवयही त्यांनी आनंदाने लावून घेतली. ज्या बदलात त्यांचे मत होते आणि फायदाही, तो बदल अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. १९०६ च्या बदलात फायदा तारखात्याचा होता आणि पहाट त्यांची जात होती.

दोन वेळांचे शहर

पुढची ४४ वर्षे मुंबईकर दोन वेळांत जगला. क्रॉफर्ड मार्केटचे घड्याळ पालिकेचे, त्यामुळे मुंबई टाइमचे. तिथून चालत दहा मिनिटांवरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे घड्याळ रेल्वेचे, म्हणजे स्टँडर्ड टाइमचे. भाजी घेऊन गाडी पकडणाऱ्याने वाटेत मनातल्या मनात ३९ मिनिटे मिळवायची. सभेच्या किंवा लग्नाच्या निमंत्रणात नुसती वेळ देऊन भागत नसे, कोणता टाइम तेही सांगावे लागे. पाहुणे पाऊण तास लवकर आले तर ते उत्साही नव्हेत, सरकारी टाइमचे.

हे वेडगळ वाटेल, पण त्यातून एक गोष्ट साधली. ज्याचा संबंध रेल्वेशी, तारेशी, कचेरीशी होता, तो आपल्या गतीने नव्या वेळेकडे सरकत गेला. ज्याचा नव्हता, त्याने आपली वेळ ठेवली. शाळेत जाणारी पोरे, कचेरीत जाणारा बाप आणि घर सांभाळणारी आजी यांनी एकाच घरात आपापला वेग राखला. पिढी बदलली तसा नव्या वेळेचा पगडा वाढत गेला. एका दिवसात हुकमाने जे झाले नसते, ते दोन पिढ्यांत आपोआप होत आले.

मध्येच दुसरे महायुद्ध आले. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत साऱ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. उजेडाचा वापर व्हावा आणि वीज वाचावी हा उद्देश. मुंबई टाइम आणि सरकारी वेळ यांत तेव्हा एक तास ३९ मिनिटांचे अंतर पडले. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी आजही विचारतो, ‘ही वेळ युद्धातली, की तास वजा केलेली?’ १९५०च्या आधीच्या मुंबईतल्या जन्माबद्दल आणखी एक प्रश्न येतो, ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, इतिहासाच्या अभ्यासकानेही जुन्या मुंबईच्या कागदातली कोणतीही वेळ वाचताना हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. मी सुरुवातीला विचारले नव्हते. त्यामुळे माझ्या टिपणांत एकाच सभेच्या दोन वेळा लागल्या होत्या आणि दोन बातमीदारांपैकी एक खोटे बोलतो आहे, असा शेरा मी मारून ठेवला होता. दोघेही खरे होते. त्यांची घड्याळे वेगळी होती.

अशीच दुहेरी वेळ आपल्या देशात आजही एका ठिकाणी नांदते. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ पाळतात, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. तिथे सूर्य फार लवकर उगवतो. मुंबईला सरकारी वेळ सूर्याच्या पुढे पळते म्हणून त्रास, तर आसामला ती सूर्याच्या मागे रेंगाळते म्हणून. देश मोठा आहे, एका रेषेत सगळ्यांची पहाट मावत नाही.

बदल कसा पचतो

१९५० मध्ये पालिकेने स्टँडर्ड टाइम स्वीकारला. आता ही वेळ परक्या सरकारची राहिली नव्हती, नुकत्याच प्रजासत्ताक झालेल्या देशाची झाली होती. मिनिटे तीच, ३९. पण १९०६ मध्ये जी लादलेली वाटली, ती १९५० मध्ये आपली वाटली. काही घरांत आणि काही धर्मस्थळांत जुनी वेळ त्यानंतरही काही वर्षे चालली, तिच्याविरुद्ध कोणी मोहीम काढली नाही. ती आपोआप विरली.

सात वर्षांनी याहून मोठा बदल आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै गेले आणि १०० नवे पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, हा हिशेब बाजारात उभ्या बाईला घड्याळाच्या हिशेबाहून नक्कीच अवघड. तरी दगडफेक झाली नाही. जुनी नाणी काही वर्षे चालू राहिली, हिशेबाचे तक्ते लोकांच्या हाती दिले गेले, आणि ‘नवे’ हा शब्दच १९६४ पर्यंत नाण्यावर ठेवला गेला. म्हणजे सरकारनेच लोकांना दोन हिशेबांत काही काळ राहण्याची मुभा दिली. चार आणे, आठ आणे हे शब्द तर माझ्या पिढीच्या तोंडीही राहिले, आणि त्याने दशमान पद्धतीचे काही बिघडले नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. एका ठिकाणी घड्याळाचा काटा एका रात्रीत सरकवला आणि ४४ वर्षे गेली. दुसऱ्या ठिकाणी सात वर्षे दिली आणि काम झाले. सवय ही एकट्या माणसाची मालमत्ता नसते. ती शेजाऱ्याच्या, मालकाच्या, नळाच्या, चुलीच्या सवयीत गुंतलेली असते. ती सोडवायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या खात्यातून जातो, हे आधी विचारावे लागते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आईला विचारले, ‘आजीचं घड्याळ किती मागे असायचं?’ आईचे वय आता ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, ‘चाळीसेक मिनिटं. बिघडलं नव्हतं ते, रोज चावी देऊन ती तसंच लावायची.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण तिला कुठे कधी उशीर झाला नाही हं. रेशनच्या रांगेत पहिली, गाडीला अर्धा तास आधी. दिवाळीत पहाटे उटणं लावायला तुम्हाला उठवायची ते मात्र स्वतःच्या घड्याळावर नाही, खिडकीतून आभाळ बघून.’